महात्म्याचे बोळके हसू

वाशिम : गांधीजींचे चित्र काढायला सांगितले तर शाळकरी मूलही गोल चष्मा, हातातील काठी आणि दात नसलेले हसू एवढे हमखास काढते. चष्मा आणि काठी यांवर पुष्कळ लिहिले गेले. बोळक्या तोंडाच्या त्या हास्याकडे मात्र म्हातारपणाची एक खूण म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः ती खूण त्यांना म्हातारपणापूर्वीच लाभली होती. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले, तेथेच त्यांनी वयाची ६२ वर्षे पूर्ण केली. त्या मुक्कामातील छायाचित्रांत पुढच्या दातांमधील खिंडार स्पष्ट दिसते. पुढच्या वर्षी येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या तोंडात मोजकेच दात उरले होते. म्हणजे पडझडीची सुरुवात त्याआधीच, आज ज्याला आपण ऐन मध्यमवय म्हणतो त्या काळात झालेली असली पाहिजे.

आश्चर्य वाटते ते यासाठी की, हा माणूस आपल्या तोंडाबाबत निष्काळजी नव्हता. घासाघासाचा हिशेब ठेवणारा दुसरा नेता भारतीय राजकारणात झाला नाही. किशोरवयात चोरून ओढलेल्या काही विड्या-सिगारेटी सोडल्या तर तंबाखूला त्यांनी आयुष्यभर स्पर्श केला नाही. मसाले सोडले, चहा-कॉफी सोडली, मिठाईचा सोस नव्हता. तरीही दात गेले. दात किडतात आणि झिजतात ते केवळ अस्वच्छ, बेशिस्त किंवा व्यसनी माणसांचे, अशी आपली जी सोयीस्कर समजूत आहे, तिला गांधीजींचे चरित्र छेद देते.

जोहान्सबर्गमधील पंधरा मिनिटे

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले मोहनदास करमचंद गांधी १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये कायदा शिकले आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. १९०३ च्या सुमारास ते जोहान्सबर्गमध्ये वकिली करीत होते. थिऑसॉफिस्ट मित्रांच्या संगतीत गीता वाचताना तिचे अध्याय पाठ करावेत, असे त्यांना वाटू लागले. परंतु दिवसभर पक्षकार, संध्याकाळी सार्वजनिक काम, मग वेळ काढायचा कोठून? त्यांनी तो न्हाणीघरात काढला. सकाळी दात घासायला १५ मिनिटे आणि स्नानाला २० मिनिटे लागत असत. दात ते पाश्चात्त्य पद्धतीने, उभ्याने आणि ब्रशने घासत. समोरच्या भिंतीवर गीतेच्या श्लोकांचे कागद चिकटवलेले असत. या रीतीने त्यांनी १३ अध्याय कंठस्थ केले. आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवला आहे.

चरित्रकार या प्रसंगात चिकाटी पाहतात आणि ते योग्यच आहे. दंतवैद्य मात्र त्या १५ मिनिटांपाशी थबकेल. दात घासायला दोन मिनिटे पुरतात. त्याहून फार अधिक वेळ आणि तेही जोर लावून आडवा ब्रश फिरवला, तर हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी खाच पडू लागते. गांधीजी किती जोर लावत होते हा तपशील कोठे नाही आणि त्याची गरजही नाही. आजही चाळिशी ओलांडलेली किती तरी माणसे दात शुभ्र व्हावेत म्हणून कडक ब्रश घेऊन त्यांच्यावर तुटून पडतात आणि नंतर थंड पाणी लागताच कळ का येते, असे विचारत दवाखान्यात येतात.

याच शहरात १० फेब्रुवारी १९०८ रोजी त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार स्वेच्छेने नोंदणी करायला निघालेल्या गांधीजींना मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी वाटेत गाठून लाठ्यांनी बडवले. वरचा ओठ फाटला, गाल फाटला. पाद्री जोसेफ डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेले. तेथे डॉक्टरांनी टाके घातले आणि बोलायला बंदी केली. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. पुढे जगाने पाहिलेल्या त्या मुखावर तरुणपणीच असा घाव बसलेला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

लिंबू, खजूर आणि केळी

१९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्मची स्थापना झाली. जमीन हरमन कॅलनबाख या जर्मन मित्राची. येथे गांधीजी आणि कॅलनबाख यांनी दूध सोडले आणि पुढे शिजवलेले अन्नही सोडून ते फलाहारावर राहू लागले. कच्चे भुईमूग, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल हा त्यांचा नित्याचा आहार होता. प्रकृतीवर त्याचा परिणाम उत्तम झाला, असे त्यांचे मत होते. मनोनिग्रहाचा प्रयोग म्हणून तो थोर होता यात वाद नाही. परंतु दातांच्या दृष्टीने या यादीकडे पाहिले की, दोन पदार्थ डोळ्यांत भरतात: लिंबू आणि खजूर.

दातांचे नुकसान दोन वाटांनी होते आणि आपण दोन्हींना सरसकट कीड म्हणून मोकळे होतो. खरी कीड लागते ती जंतूंमुळे. दातांवर साचलेल्या चिकट थरात राहणारे जंतू साखरेवर पोसतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दातात खड्डा पाडते. साखर पांढरीच असली पाहिजे असे नाही. खजूर, मनुका, गूळ आणि मध यांचा चिकटा दातांच्या फटीत बसला की, जंतूंना तोही चालतो. दुसरी वाट झिजेची. तिला जंतू लागत नाहीत. लिंबू, चिंच, संत्रे, बाटलीबंद सोडा यांतले आम्ल दातावरील कवचाला थेट भिडते. हे कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. तरीही आम्लता मोजण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या खाली गेला की, ते विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीचच्या आसपास असतो. हाडाप्रमाणे ते पुन्हा भरून येत नाही, कारण त्याला जिवंत पेशी नसतात. लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट थोडीफार डागडुजी करतात, पण त्यासाठी त्यांना मध्ये उसंत मिळावी लागते.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: दात आंबणे. कैरी किंवा चिंच अधिक खाल्ली की, दात आंबतात. आपल्या आजीला सामूची आकडेवारी ठाऊक नव्हती, पण आंबलेल्या दातांनी लगेच कठीण काही चावू नये, हे तिला ठाऊक होते. आजचे दंतवैद्य थोड्या निराळ्या शब्दांत तेच सांगतात. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास दात घासू नयेत. आम्लाने मऊ पडलेले कवच ब्रशने खरवडले जाते.

ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू होत असतानाच, गांधीजी लंडनला पोहोचले. तेथे त्यांना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येण्याचा विकार जडला. वय अवघे पंचेचाळीस. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनमध्येच होते. डॉ. जीवराज मेहता उपचार करीत होते. डॉक्टरांनी दूध आणि धान्य घ्यायला सांगितले, गोखल्यांनी आग्रह धरला. आपल्या राजकीय गुरूचा शब्द मोडणे गांधीजींना जड गेले, पण त्यांनी दूध घेतले नाही. भुईमूग, केळी, लिंबू, ऑलिव्हचे तेल, टोमॅटो आणि द्राक्षे यांवर ते राहिले. ज्या दुधाने दातांना आणि हाडांना कॅल्शियम मिळाले असते ते वर्ज्य, आणि जे आंबट ते रोजचे! पुढे खेड्याच्या सत्याग्रहानंतर १९१८ मध्ये ते आमांशाने मरणाच्या दारात गेले. त्यानंतर मुंबईत कस्तुरबांनी वाट काढली. प्रतिज्ञा गाई-म्हशीच्या दुधाविषयी होती, मग शेळीचे चालेल. ते त्यांनी स्वीकारले, परंतु आपण प्रतिज्ञेचा आत्मा मारला ही खंत त्यांना कायम राहिली.

त्यांचे दात लिंबानेच गेले, असा निवाडा येथे करायचा नाही. मध्यमवयात दात पडण्यामागे हिरड्यांचा आजार हे फार मोठे कारण असते. झीज आणि कीड त्यात भर घालतात. एकाच तोंडात ही तिन्ही संकटे अनेकदा एकदम नांदतात. तरीही त्यांचा आहार वाचून आजचा कोणताही दंतवैद्य भुवई उंचावेल, एवढे म्हणायला हरकत नाही.

येरवड्यातील दातून

त्यांच्या दातांविषयीचे सर्वांत जिव्हाळ्याचे तपशील आपल्याला पुण्याच्या येरवडा तुरुंगातून मिळतात. १९२२ मध्ये ते प्रथम येथे आले. शेळीचे दूध, पाव, संत्री, लिंबू आणि मनुका हा त्या वेळचा आहार. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली, ही हकिकत प्रसिद्धच आहे.

१९३० मध्ये येरवड्यात काका कालेलकर त्यांच्या सोबतीला होते. साताऱ्यात जन्मलेले, गुजरातीत नामवंत झालेले हे मराठी साहित्यिक रोज कडुनिंबाची काडी कापून, तिचे टोक ठेचून गांधीजींना दातून करून देत. एकदा वापरलेली काडी ते टाकून देणार, तोच गांधीजींनी अडवले. वापरलेले टोक तेवढे कापावे आणि उरलेली काडी दुसऱ्या दिवशी वापरावी, असे त्यांनी सांगितले. तुरुंगाच्या आवारात निंबाला तोटा नव्हता. पण झाड आहे म्हणून हवे तेवढे ओरबाडण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही त्यांची भूमिका. काडी वाळून अगदी आखूड होईपर्यंत वापरली जाऊ लागली.

१९३२ मध्ये सोबतीला वल्लभभाई पटेल आणि महादेव देसाई आले. बारडोलीचे सरदार येथे गांधीजींसाठी मध-लिंबाचे पाणी करीत, फळे सोलत आणि दातून ठेचत. तोंडात दात मोजकेच आणि घासणे मात्र चाललेच आहे, यावर वल्लभभाई थट्टा करीत. महादेवभाईंच्या रोजनिशीत अशा विनोदांची रेलचेल आहे. गांधीजी पुष्कळशा गोष्टींत खाण्याचा सोडा घालत, त्यावरूनही वल्लभभाईंनी एक ठेवणीतला विनोद केला होता. राजकारणातला कसलाही पेच समोर आला की, त्यात थोडा सोडा टाका, असे ते सुचवत. गंमत अशी की, दातांच्या बाबतीत हा सल्ला अगदीच फोल नव्हता. खाण्याचा सोडा आम्लाला मारतो. ज्यांना वारंवार पित्ताच्या उलट्या होतात त्यांना दंतवैद्य आजही सोड्याच्या पाण्याने चूळ भरायला सांगतात.

त्याच वर्षी २० सप्टेंबरला येरवड्यात त्यांनी आमरण उपोषण आरंभले आणि पुणे करारानंतर २६ सप्टेंबरला कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन सोडले. मे १९३३ मध्ये पुण्यातच २१ दिवसांचा उपवास झाला. उपवासात लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते. दातांचे संरक्षण करणारी लाळच आटली की, आम्लाचे फावते. अर्थात ज्याने प्राणच पणाला लावले होते, त्याला दातांची पर्वा कोठून असणार?

सेवाग्राम आणि वाशिम

नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींची हरिजन यात्रा वर्ध्याहून निघाली आणि विदर्भ हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी कच्चा पाला, कडुनिंब आणि चिंच यांचे प्रयोग चालवले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगाव या खेड्यात आले. १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात येणाऱ्यांच्या ताटात त्या काळी काय काय पडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सेवाग्राम ज्या विदर्भात आहे त्याच्याच पश्चिम भागात वाशिम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. कारंजा, मंगरूळपीरकडे संत्र्याच्या बागा आहेत. उन्हाळ्यात पारा चढला की, लिंबूपाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी होते. पोट कमी व्हावे म्हणून सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेणारी मध्यमवयीन मंडळी आता वाशिम-रिसोडमध्येही आहेत आणि पुण्या-मुंबईतही. त्यांतले अनेक जण तो पेला रिकामा करून थेट ब्रश हाती घेतात. हा क्रम उलटा केला तरी बरेच नुकसान टळेल. पेला घोट-घोट करीत अर्धा तास पिण्यापेक्षा एकदम संपवणे चांगले. नळीने प्यायल्यास आणखी चांगले.

त्याखेरीज विदर्भाचा स्वतःचा एक शाप आहे, तो खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा ऐवज तासन्‌तास गालात राहतो. सुपारीच्या कठीण कणांनी दाढा घासून सपाट होतात, हिरड्या मागे सरतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कवच नसते. म्हणून तेथे कीडही लवकर लागते आणि झीजही लवकर होते. घराघरांतल्या बायका लावतात ती मिश्री हिरड्यांचे असेच हाल करते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, परंतु पानठेल्यावरचा खर्रा गेला नाही. तंबाखूविषयी गांधीजींनी जे बजावले ते आपण ऐकले नाही आणि लिंबू-मध मात्र त्यांच्या नावावर उचलले!

दात पिवळट दिसू लागणे, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होणे, दाढांच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे पडणे, थंड-गरम लागताच शिवशिवणे ही झिजेची लक्षणे आहेत. दुखत नाही म्हणून चाळिशीतला माणूस त्यांकडे काणाडोळा करतो. मधुमेह असेल तर हिरड्यांचे दुखणे अधिक बळावते. गेलेले कवच परत येत नाही, पण उरलेले राखता येते. त्यासाठी फ्लोराइडयुक्त पेस्ट, मऊ ब्रश आणि वर्षातून निदान एकदा तपासणी एवढे पुरते.

खाण्याचे दात

गांधीजींना हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढले ते १९२० मध्ये. तेथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी, म्हणजे बॅरिस्टर जिनांच्या भगिनींनी, १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला होता. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय तर १९६८ चे. दुखरा दात वाचवण्यापेक्षा उपटून टाकणे हाच त्या काळी सर्वसामान्यांचा उपचार होता. फ्लोराइडची पेस्ट बाजारात आली तीही १९५० च्या दशकात आणि तीही आधी अमेरिकेत.

शेवटी गांधीजींनी कवळी स्वीकारली, पण आपल्या अटींवर. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. गांधीजी कवळी फक्त जेवताना लावतात आणि जेवण होताच काढून सर्वांदेखत धुतात, हे त्यांनी नोंदवले आहे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे खायचे होते, दाखवायचे नव्हतेच. जगभरातून येणाऱ्या छायाचित्रकारांसमोर ते कवळीवाचूनच हसले. सार्वजनिक जीवनातला दुसरा कोणी हे धाडस करील असे वाटत नाही.

९ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. सहाच दिवसांत महादेवभाई गेले. त्या दुःखातच २८ ऑगस्टपासून १८ डिसेंबरपर्यंत त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. आहार, मसाले, चहा, दारू, अफू, तंबाखू असे सारे विषय त्यात येतात. डॉ. सुशीला नय्यर यांनी त्याचा अनुवाद केला आणि ‘आरोग्याची किल्ली’ म्हणून ते भाषाभाषांत पोहोचले. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ हे २१ दिवसांचे उपोषणही येथलेच. प्राण कंठाशी आले तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस घालून देण्यात आला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही येथेच देह ठेवला.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २९ मार्च १९४८ रोजी, देशात दंतवैद्यांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला शिस्त लावणारा दंतवैद्य कायदा अमलात आला. वाशिमपासून मुंबईपर्यंत दंतवैद्यांच्या दवाखान्यात नोंदणी क्रमांकाचे जे प्रमाणपत्र टांगलेले दिसते, त्याची देशभरातील सुरुवात याच कायद्याने झाली.

दिल्लीला राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात त्यांची काठी, अखेरच्या दिवशीची वस्त्रे आणि एक गोळी जपून ठेवली आहे. तेथेच त्यांचे काही दातही आहेत आणि शेजारी त्यांची दात कोरायची हस्तिदंती काडी.